मशीन ‘नको’ बोली

रमजान लागायला आठवडा राहिला होता. सकाळी गावाहून अम्मीचा फोन आला. आवाजात राग नव्हता, दमल्यासारखी बोलत होती. “राशन नै मिल्या रे बेटा. मशीन नको बोली.”

‘नको बोली’ ही आमच्या मराठवाड्यातली दखनी. मराठीतला ‘नको’ आम्ही केव्हातरी उसना घेतला आणि परत करायचा विसरलो. जन्मभर ऐकत आलेलं हे बोलणं त्या दिवशी मात्र मला खटकलं. दुकानदार नको म्हणाला नव्हता. तहसीलमधला कुणी साहेब नको म्हणाला नव्हता. मशीन नको म्हणाली होती. माणसाने नाही म्हटलं तर अम्मी भांडते, हे मी लहानपणापासून बघत आलोय. रॉकेलच्या रांगेत तिने भल्याभल्यांना गप्प केलं आहे. इथे मात्र ती रिकाम्या पिशव्यांची घडी घालून घरी परतली. मशीनशी काय भांडणार?

आमचं कार्ड प्राधान्य कुटुंबाचं. त्यावर सहा नावं, माणशी पाच किलो, म्हणजे महिन्याला तीस किलो धान्य. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने दिलेला हा हक्क आहे आणि जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट मिळतं. कार्डावरच्या कुणाही एकाचा अंगठा जुळला की साऱ्या घराचं धान्य मिळतं. पण धाकटा भाऊ पुण्यात गाडी चालवतो, भावजय बाळंतपणासाठी माहेरी गेलेली, मुलं लहान. उरली अम्मी. वय सत्तरीच्या आसपास. ती तीनदा दुकानावर जाऊन आली. पहिल्या दिवशी ‘नेट नाही’. दुसऱ्या दिवशी ‘मशीन घेत नाही’. तिसऱ्या दिवशी ‘आधार अपडेट करून या’. तिच्या लेखी तिन्ही वेळा एकच उत्तर मिळालं होतं.

फोन ठेवता ठेवता ती हळूच म्हणाली, “नाम देखके नको बोलती होंगी.”

मी हसलो. मग हसू ओसरलं, कारण असं बोलणारी ती एकटी नव्हती. त्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या चार-पाच घरांचं धान्य अडकलं होतं. कुणी म्हणत होतं, वरून यादी आली आहे. कुणी म्हणत होतं, आधी रेशन कापतील, मग मतदार यादीतून कापतील. कारण कुणीच सांगत नव्हतं, त्यामुळे ज्याला जे सुचलं ते कारण झालं.

शनिवारी मी गावी गेलो आणि अम्मीला घेऊन दुकानावर पोचलो. दुकानदार तसा भला माणूस. अम्मीला चाची म्हणतो. मला बघून आधीच वैतागून म्हणाला, “सर, शिव्या मलाच खाव्या लागतात. मशीन काय मी बनवली का?” त्याचंही खरंच होतं. ई-पॉस मशीनवर अम्मीने अंगठा ठेवला. मशीन थोडा वेळ विचारात पडल्यासारखी थांबली आणि पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. ओळीच्या शेवटी आकडा होता, ३००. दुकानदाराने ओळ न वाचताच मान हलवली. “नाही घेत, चाची.”

मी त्याला विचारलं, ३०० म्हणजे काय? त्याला माहीत नव्हतं. रोज असे आकडे येतात, म्हणाला. मी तिथेच उभा राहून फोनवर शोधलं. आधारचा कारभार बघणाऱ्या प्राधिकरणाने अशा आकड्यांची यादी जाहीर करून ठेवलेली आहे. ३०० म्हणजे बोटाचा ठसा जुळला नाही. ३३० म्हणजे आधारधारकाने स्वतःच आपलं बायोमेट्रिक लॉक केलेलं आहे. ८११ म्हणजे त्या आधार क्रमांकासमोर ठसे नोंदलेलेच नाहीत. यादी पुढे बरीच लांब आहे.

त्या ओट्यावर उभं राहून मला जे कळलं ते एवढंच, की मशीनला कारण माहीत होतं. ते तिने सांगितलंही होतं, फक्त अम्मीला कळेल असं नाही आणि दुकानदाराला कळेल असंही नाही. आकडा आधारच्या सर्व्हरवरून नीट आला आणि शेवटच्या दीड फुटात, पडद्यापासून अम्मीच्या कानापर्यंतच्या अंतरात, त्याचा ‘नको’ झाला.

आणि हे आकडे एकसारखे नाहीत. प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. ठसा जुळला नसेल तर दुसरं बोट लावून बघायचं. अंगठाच हवा असं नाही, दहापैकी कोणतंही बोट चालतं; पण आमच्या गावात सगळ्यांना वाटतं की अंगठाच लागतो, कारण अंगठ्याची सवय सावकाराच्या वहीपासूनची आहे. ८११ असेल तर मात्र बोट कितीही वेळा लावून उपयोग नाही. पाच वर्षांच्या आतल्या मुलांचं आधार ठशांशिवायच निघतं, ते ठसे नंतर केंद्रावर जाऊन द्यावे लागतात. आणि ३३० ची तर गंमतच आहे. आमच्या मागच्या गल्लीत एक चाचा आहेत. बोटांचे ठसे चोरून बँकेतले पैसे काढतात अशी बातमी वाचून त्यांच्या मुलाने घरातल्या सगळ्यांचं बायोमेट्रिक फोनवरून लॉक करून टाकलं. शहाणपणाचंच केलं त्याने. मग तो नोकरीवर परत गेला आणि सांगायचं विसरला. चाचा दोन महिने अंगठ्याला व्हॅसलीन चोळत होते. कुणी म्हणे लिंबू लावा, कुणी म्हणे राखेने घासा. लॉक फोनवरून एका मिनिटात उघडता आलं असतं.

अम्मीचं कारण साधं होतं. चाळीसेक वर्षं तिने गोधड्या शिवल्या, राखेने भांडी घासली, त्यात अंगठ्यावरच्या रेषा झिजल्या. मशीन बोटाचा फोटो काढते, रेषा कुठे संपतात आणि कुठे फुटतात ते टिपते आणि आधी नोंदलेल्या ठशाशी ताडून बघते. ठसा हुबेहूब कधीच जुळत नसतो, कारण माणूस प्रत्येक वेळी बोट थोडं वेगळं ठेवतो. किती साम्य असलं म्हणजे ‘हो’ म्हणायचं, ही रेघ कुणीतरी माणसांनी आखलेली असते. रेघ कडक ठेवली तर खऱ्या माणसांनाही परत पाठवलं जातं, सैल ठेवली तर भलताच माणूस आत शिरतो. कुठेही आखली तरी काही खरी माणसं रेघेबाहेर पडणारच आणि ती बहुतेक हाताने काम करणारी किंवा म्हातारी असणार. मालेगावचे यंत्रमागवाले, सोलापूरच्या विडी वळणाऱ्या बाया, ऊसतोड करणारे, गवंडी.

हे सगळं मी अम्मीला सांगितलं का? नाही. मी म्हणालो, “अंगूठा घिस गया अम्मी, दुसरी उंगली रखके देखेंगे.” तर्जनी चालली नाही. मधलं बोट लागलं. मशीनने पावती छापली, तीस किलो. अम्मीने आधी पावतीकडे आणि मग आपल्या बोटाकडे बघितलं. त्या एका वाक्याने तिचं काम झालं होतं. एरवीचा सगळा परिच्छेद तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी आहे, ज्यांनी धोरणं करणाऱ्यांना जाब विचारायला हवा. तिला तो न देणं म्हणजे तिला अडाणी समजणं नव्हे. मला माझ्या डॉक्टरने गोळी जेवणानंतर घ्या एवढंच सांगितलेलं पुरतं, आणि उलटी झाली तर कुणाला फोन करू तेवढं.

आता अम्मीच्या संशयाकडे येतो, कारण तो तिथेच सोडून देण्यासारखा नाही. मशीन नाव बघून नको म्हणते का? अंगठ्याची मशीन म्हणत नाही. झिजलेल्या रेषेला धर्म नसतो. आमच्या रांगेत अम्मीच्या पुढे उभ्या असलेल्या एका मावशींचाही अंगठा त्या दिवशी घेतला नाही आणि त्या विठ्ठलाची माळ घातलेल्या होत्या. हे अम्मीला त्याच वेळी कुणी सांगितलं असतं तर आठवडाभराची घालमेल वाचली असती.

पण म्हणून तिचा संशय खोटा ठरत नाही. तो चुकीच्या मशीनवर होता, एवढंच. कारण नाव बघून निर्णय घेणाऱ्या मशीनी खरोखर आहेत आणि त्या आपल्या नावांपाशी अडखळतात. एक कागद दुसऱ्या कागदाशी जुळतो का, हे आता बऱ्याच ठिकाणी संगणक ठरवतो. आपल्याकडे शेख हे आडनाव इंग्रजीत लिहायचे निदान चार-पाच प्रकार. कुणी ‘ए-आय’ लावतो, कुणी ‘ई-आय’. कुणी शेवटचा ‘एच’ गाळतो. कुणी नुसतं ‘एस-के’ लिहून टिंब देतो. मोहम्मदचं तर विचारूच नका. त्यात मराठवाड्याची आपली रीत, शेख अमुक शेख तमुक, म्हणजे शेख पुढेही आणि मधेही. फॉर्मला पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव असे तीन रकाने हवे असतात. भरणारा ऑपरेटर कधी शेख पहिल्या रकान्यात घालतो, कधी शेवटच्या. बायकांच्या नावामागचं ‘बी’ एका कागदावर असतं, दुसऱ्यावर ‘बेगम’ होतं, तिसऱ्यावर गायब होतं. माणूस बघितल्याबरोबर ओळखतो की ही एकच बाई आहे. संगणकाला त्या तीन बाया दिसतात. किंवा उलट, दोन वेगळी माणसं त्याला एक वाटतात, कारण एका शहरात एकाच नावाचे दहा सय्यद असतात.

हे दुसरं जास्त घातक. शेजारच्या तेलंगणात ‘समग्र वेदिका’ नावाची सरकारी प्रणाली आहे. ती निरनिराळ्या खात्यांच्या नोंदी नावा-पत्त्यावरून एकत्र जुळवते आणि अमुक माणसाकडे गाडी आहे का, घर आहे का, हे सांगते. २०२४ च्या सुरुवातीला पत्रकारांनी हैदराबादचं एक प्रकरण मांडलं. रिक्षा ओढणाऱ्या एका माणसाला या प्रणालीने मोटारीचा मालक ठरवलं होतं, कारण मिळत्याजुळत्या नावाच्या दुसऱ्याच एका सय्यदकडे मोटार होती. घराचं रेशन बंद झालं. त्या राज्यात २०१६ पासून रद्द झालेल्या सुमारे १९ लाख कार्डांची प्रत्यक्ष फेरतपासणी करा, असं शेवटी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. आता विचार करा, त्या घराला पहिल्याच दिवशी एक ओळ मिळाली असती तर? ‘तुमच्या नावावर अमुक नंबरची मोटार दिसते, म्हणून कार्ड थांबवलं आहे.’ रिक्षा ओढणाऱ्याला ती ओळ कुणी वाचून दाखवली असती तर तो हसला असता आणि तसाच उठून कचेरीत गेला असता. चूक पकडायला लागणारं ज्ञान सबंध प्रणालीत कुणाकडे नव्हतं, एकट्या त्याच्याकडे होतं. त्यालाच कुणी विचारलं नाही.

हे फक्त गरीब देशांतच होतं असं समजू नये. नेदरलँड्समध्ये पाळणाघराच्या अनुदानात लबाडी केली म्हणून हजारो पालकांवर वसुली लावण्यात आली. धोका मोजणाऱ्या प्रणालीत नागरिकत्व हाही एक निकष होता आणि परदेशी मुळाच्या कुटुंबांना त्याचा मोठा फटका बसला. पालकांनी आपली स्वतःची फाइल मागितली तेव्हा काहींच्या हाती आलेल्या फाइलींत पानंच्या पानं काळ्या शाईने झाकलेली होती. या प्रकरणावरून जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या सरकारने राजीनामा दिला. इतक्या पुढारलेल्या देशातही शेवटी प्रश्न अम्मीचाच होता, का नको बोली?

इथे कुणी म्हणेल, मग सगळं उघड करा, सगळं सांगा. मला तेही पटत नाही. न सांगण्याचा एक प्रकार म्हणजे इतकं सांगणं की माणूस वाचायचंच सोडून देईल. फोनवर कोणतंही ॲप घेताना आपण ‘मी सहमत आहे’ दाबतो ते काय सहमत असतो म्हणून? खाली सरकत जाणारा तो कागद बघून हात टेकतो म्हणून. कंपनीला मात्र सांगितल्याचा पुरावा मिळतो.

माझ्या भाच्याचं उदाहरण देतो. त्याने नव्या फोनवर नमाजच्या वेळांचं ॲप घेतलं. ते असरची अजान आमच्या मशिदीच्या तासभर आधी देऊ लागलं. दोन दिवस त्याने सहन केलं, तिसऱ्या दिवशी ‘ॲप चुकतंय’ म्हणून काढून टाकलं. ॲप चुकत नव्हतं. असरची वेळ सावलीवरून ठरते. शाफई मतानुसार दुपारची मूळ सावली वगळून सावली वस्तूएवढी झाली की असर लागते, हनफी मतानुसार दुप्पट झाली की. ॲपने पहिली पद्धत धरली होती, आमचा मोहल्ला हनफी. तेच ॲप रत्नागिरीच्या माझ्या कोकणी मित्राने घेतलं असतं तर त्याला ते अगदी बरोबर वाटलं असतं, कारण कोकणातले मुसलमान शाफई.

बरं, ॲपने हे लपवलं होतं का? मुळीच नाही. सेटिंगमध्ये सगळं होतं. कराची पद्धत, फज्र १८ अंश, इशा १८ अंश. इजिप्तची पद्धत, साडेएकोणीस आणि साडेसतरा अंश. उत्तर अमेरिकेची, १५ आणि १५. मक्केची आणखी वेगळी. असरसाठी निराळा पर्याय. सूर्य क्षितिजाखाली किती अंश गेला म्हणजे रात्र, हे सतरा वर्षांच्या पोराने निवडायचं होतं! मी स्वतः भूगोलात बरा होतो तरी मला अर्धा तास लागला. आणि एवढ्या माहितीऐवजी सुरुवातीला एकच प्रश्न विचारला असता, ‘तुमच्या मशिदीत असरची अजान लवकर होते की उशिरा?’, तर काम झालं असतं. मशीनने आपली भाषा माणसाला शिकवण्यापेक्षा माणसाला जे आधीच माहीत आहे ते विचारावं. त्याचं उत्तर भाच्याकडे होतं. अंशांचं नव्हतं.

मशिदीच्या दारात टांगलेल्या जुन्या पुठ्ठ्याच्या तक्त्याकडे मी आता वेगळ्या नजरेने बघतो. तोही हिशेबानेच केलेला असतो. तोही एक यंत्रच, फक्त कागदाचं. त्यावर कुठल्या गावासाठी ते लिहिलेलं असतं, हनफी की शाफई ते असतं, आणि सहरी दोन-चार मिनिटं आधी संपवा अशी सूचना असते. बस्स. कुणी त्यावर शंका घेत नाही, कारण शंका आलीच तर अंगणात काठी रोवून सावली मोजता येते. आयुष्यात कुणी मोजत नाही. पण मोजता येते, हे सगळ्यांना माहीत असतं.

एटीएमचं तसंच आहे. त्याच्या पोटात काय चालतं हे आमच्या मोहल्ल्यात कुणालाही ठाऊक नाही, तरी अम्मीसुद्धा पेन्शनचे पैसे काढायला आता नातवाला घेऊन जाते, घाबरत नाही. का? पैसे आले नाहीत तर बहुधा चिठ्ठी येते. आणि रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. खात्यातून रक्कम वजा झाली आणि मशीनमधून आली नाही, तर पाच दिवसांत ती परत जमा झाली पाहिजे, त्यापुढे उशीर झाला तर बँकेने दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यायची. एटीएमवरचा विश्वास त्याच्या हुशारीवर नाही, तो बिघडल्यावर काय होतं यावर आहे.

रेशनच्या मशीनचं बिघडल्यावर काय होतं? कागदावर बघाल तर बरंच काही होतं. ऑक्टोबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना लेखी कळवलं होतं की नेट नाही, ठसा नीट उमटत नाही अशा कारणांवरून कुणाचं धान्य नाकारू नका, वेगळ्या नोंदवहीत लिहून धान्य द्या. कायद्याच्या ८ व्या कलमात तर हक्काचं धान्य मिळालं नाही तर अन्न सुरक्षा भत्ता द्यावा असं आहे. जिल्ह्याला तक्रार निवारण अधिकारी आहे. मी दुकानदाराला त्या नोंदवहीबद्दल विचारलं. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याच्याकडे विमानाचं तिकीट मागत होतो.

माझी मागणी म्हणून फार मोठी नाही. ई-पॉस मशीन धान्य दिल्यावर पावती छापते. धान्य नाकारल्यावरही तिने छापावी. मी पाहिलेल्या दुकानांत नकाराचा कागद कुणालाच मिळत नाही. नकार हवेत विरतो आणि तो झाला होता याचाच पुरावा उरत नाही. चिठ्ठी मराठीत, मोठ्या अक्षरात. ‘अंगठा जुळला नाही. दुसरं बोट लावा. तरीही नाही झालं तर नोंदवहीत सही करून धान्य घ्या, हा तुमचा हक्क आहे.’ खाली एक फोन नंबर, ज्यावर माणूस उचलतो. आकडाही राहू द्या कोपऱ्यात, ज्याला खोलात जायचं त्याच्यासाठी. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तेच वाक्य मशीनने बोलून दाखवावं. रेल्वे स्थानकावर गाडी किती मिनिटं उशिरा आहे ते मशीन तीन भाषांत सांगते, मग इथे काय अडचण आहे?

एका ओळखीच्या अधिकाऱ्यांपुढे मी हे बोललो. ते म्हणाले, कारणं सांगत बसलो तर लबाड लोक त्यातून पळवाटा काढतील. हा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. घोटाळा पकडणाऱ्या प्रणालीने आपले सगळे डावपेच चव्हाट्यावर मांडू नयेत, मान्य. पण झिजलेल्या अंगठ्यात कसला डावपेच? आणि माझ्याविषयी सरकारने काय धरून चाललं आहे, माझ्या नावावर मोटार धरली आहे की बंगला, हे माझ्यापासूनच गुपित ठेवून कोणता लबाड पकडला जाणार?

दुसऱ्या एका गोष्टीची मला जास्त भीती वाटते. ‘लोकांचा विश्वास वाढवा’ असं ठरलं की आपल्याकडे पोस्टर लागतात. हसरी म्हातारी, हिरवी बरोबरची खूण, ‘आपली माहिती सुरक्षित आहे’. हैदराबादच्या त्या घराने समग्र वेदिकेवर विश्वास ठेवायला हवा होता का? अविश्वास दाखवला तेच बरोबर होतं. लोकांनी विश्वास ठेवावा हा हेतूच चुकीचा आहे. कुठे ठेवावा आणि कुठे नाही हे त्यांना ओळखता यावं, इतपत कारण हातात पडायला हवं. अम्मीला ते मिळालं तेव्हा तिचा संशय अंगठ्याच्या मशीनवरून उठला. नावांच्या प्रकरणात तो मी स्वतःच जागा ठेवलाय, आणि तिचे सगळे कागद एकदा शेजारी शेजारी ठेवून ‘बी’ कुठे आहे आणि ‘बेगम’ कुठे, ते तपासून घेतलं. तीन ठिकाणी फरक निघाला. ते दुरुस्त करण्याची कथा वेगळी आहे, पुन्हा कधीतरी.

आपल्या माणसांबद्दलही थोडं बोलायला हवं. आपल्या मोहल्ल्यांत शिकलेली पोरं आता भरपूर आहेत. व्हॉट्सॲपवर यादी आली, डाव रचला, असे संदेश ती दिवसभर पुढे ढकलत असतात. त्यातल्या एकालाही दुकानावर जाऊन पडद्यावरचा आकडा वाचावासा वाटला नाही. मलाही वाटला नव्हता. अम्मी तीनदा परत आल्यावर मी गेलो, आणि तेही रमजान तोंडावर आला म्हणून.

परत येण्यापूर्वी मी उर्दू आणि मराठीत एक कागद तयार केला, कुठला आकडा आला तर काय करायचं याचा. पहिल्या झटक्यात बावीस ओळी झाल्या. भाची म्हणाली, “मामू, ये कौन पढेगा?” मग कापत गेलो. पाच ओळी उरल्या. दुकानदाराने तो वजनकाट्याच्या वर आनंदाने चिकटवला. त्याला वाटलं, निदान आता शिव्या तरी कमी बसतील. अम्मीच्या कार्डाच्या प्लॅस्टिक कव्हरमध्ये मी एक चिठ्ठी घातली: उजव्या हाताचं मधलं बोट. तिला वाचता येत नाही, म्हणून शेजारी हाताचं चित्र काढलं आणि त्या बोटावर फुली मारली.

पुढच्या महिन्यात ईदनंतर तिचा फोन आला. बोट चाललं होतं. धान्य घरी आलं होतं. पण बाजूवाल्या खालाचं अडलं होतं आणि तिला आलेला आकडा कागदावर नव्हता. अम्मीने तो पाठ करून ठेवला होता. “पाँच सौ दस.”

मी यादीत बघितलं. ५१० म्हणजे मशीनने पाठवलेला मजकूरच चुकीच्या नमुन्यात होता. बोटाचा, आधारचा, खालाचा काही संबंध नाही. मी म्हणालो, “अम्मी, ये तो मशीन की गलती है.”

“मैं बोली ना उसको,” अम्मी म्हणाली. “मशीन कू बोलो, अपडेट करके आव.”